मांजरांमधील मधुमेह

मांजरांमधील मधुमेह हा पाळीव मांजरांत आढळणारा अंतःस्रावी ग्रंथींचा दीर्घकालीन विकार आहे. शरीरात इन्सुलिन या संप्रेरकाची निर्मिती अपुरी पडल्यामुळे, किंवा पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्यामुळे, रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण सतत वाढलेले राहते. हा विकार प्रामुख्याने मध्यमवयीन व वयस्क मांजरांना होतो. निरनिराळ्या देशांतील अंदाजांनुसार दर शंभर ते पाचशे मांजरांमागे एका मांजराला मधुमेह असतो.

या विकाराचे निदान पशुवैद्य करतात, परंतु उपचारांचा मोठा भाग घरीच पार पाडावा लागतो. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणे, कमी कर्बोदकांचा आहार देणे आणि रक्तशर्करा नियमितपणे मोजणे ही त्याची तीन अंगे होत. उपचार लवकर सुरू झाल्यास काही मांजरांना पुढे इन्सुलिनची गरज उरत नाही. याउलट, इन्सुलिनची मात्रा चुकून जास्त झाल्यास रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत उतरून काही तासांत मांजराचा जीव धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे मात्रेतील अचूकता हा घरगुती व्यवस्थापनाचा पाया मानला जातो.

स्वरूप व कारणे

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. या संप्रेरकामुळे रक्तातील ग्लुकोज स्नायू व चरबीच्या पेशींत शिरते. मांजरांतील मधुमेह बहुतांशी माणसांतील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. प्रथम पेशींचा इन्सुलिनला होणारा प्रतिसाद मंदावतो. ती उणीव भरून काढण्यासाठी बीटा पेशींवर ताण पडतो आणि कालांतराने त्या निकामी होऊ लागतात. अनेक मधुमेही मांजरांच्या स्वादुपिंडात ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचलेले आढळतात. रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास ती स्वतःच बीटा पेशींना अपाय करते.

पुढील बाबींमुळे मधुमेहाचा धोका वाढतो:

• लठ्ठपणा व घरात कोंडून राहिल्यामुळे घटलेली हालचाल
• वाढते वय, विशेषतः सात वर्षांनंतर
• निर्बीजीकरण झालेले बोके
• कॉर्टिकोस्टेरॉइड व प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांचा दीर्घकाळ वापर
• स्वादुपिंडाचा दाह
• मस्तिष्कग्रंथीतून वाढीच्या संप्रेरकाचा अतिस्राव होणे

काही देशांत बर्मीज जातीच्या मांजरांत हा विकार अधिक दिसतो. इन्सुलिनची मात्रा वाढवत नेऊनही रक्तशर्करा आटोक्यात येत नसल्यास वाढीच्या संप्रेरकाच्या अतिस्रावाची शंका घेऊन त्याची तपासणी केली जाते.

लक्षणे

वारंवार व जास्त लघवी होणे, सतत तहान लागणे, भूक वाढणे आणि भरपूर खाऊनही वजन घटणे ही चार प्रमुख लक्षणे होत. रक्तातील ग्लुकोज साधारणतः २५० ते २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेले की मूत्रपिंडे ते पूर्णपणे रोखू शकत नाहीत. ग्लुकोज लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी खेचून नेते. गेलेले पाणी भरून काढण्यासाठी मांजर अधिक पाणी पिते. मांजराने लघवी केलेल्या जागी मुंग्या लागणे किंवा वाळूच्या ट्रेमधील गठ्ठे पूर्वीपेक्षा मोठे होणे, ही घरच्या माणसांच्या सहज लक्षात येणारी खूण आहे.

काही मांजरांच्या मागील पायांच्या नसांवर परिणाम होतो. अशी मांजरे पंज्यांवर चालण्याऐवजी टाच जमिनीला टेकवून चालतात व उंच उडी घेणे टाळतात. अंग चाटून स्वच्छ ठेवण्याची सवय सुटल्याने केस विस्कटलेले व निस्तेज दिसतात. मधुमेही कुत्र्यांत सर्रास आढळणारा मोतीबिंदू मांजरांत मात्र क्वचितच होतो.

उष्ण प्रदेशात या लक्षणांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्या काळात मांजराचे जास्त पाणी पिणे उन्हाळ्याचा परिणाम म्हणून सोडून दिले जाऊ शकते. घराबाहेर फिरणाऱ्या मांजराची वाढलेली लघवीही कोणाच्या नजरेस पडत नाही. अशा वेळी वजनातील घट हे अधिक विश्वासार्ह लक्षण ठरते.

निदान

निरोगी मांजराची रक्तशर्करा साधारणतः ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. दवाखान्यातील प्रवास, अनोळखी वास व हाताळणी यांच्या ताणामुळे निरोगी मांजराची रक्तशर्कराही तात्पुरती बरीच वाढते. म्हणून केवळ एका मोजणीवरून निदान केले जात नाही. लक्षणे, रक्तशर्करा व लघवीतील ग्लुकोज यांचा एकत्र विचार होतो. शंका राहिल्यास फ्रुक्टोसामिन ही चाचणी केली जाते. तिच्यावरून मागील एक ते तीन आठवड्यांतील रक्तशर्करेच्या सरासरी पातळीचा अंदाज येतो आणि तात्कालिक ताणाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइडचे विकार, मूत्रपिंडाचे आजार व दातांचे रोग यांचीही तपासणी केली जाते, कारण त्यांपैकी काही आजारांची लक्षणे मधुमेहासारखीच असतात, तर काहींमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो.

इन्सुलिन उपचार

प्रकार व मात्रा

मांजरांसाठी ग्लार्जिन, प्रोटामिन झिंक व लेन्टे ही इन्सुलिने प्रामुख्याने वापरली जातात. यांपैकी ग्लार्जिन हे माणसांसाठी विकसित झालेले दीर्घ परिणामाचे इन्सुलिन आहे. ते बाटलीत आम्लधर्मी द्रावणाच्या रूपात असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण तयार होतात व त्यांतून इन्सुलिन हळूहळू रक्तात मिसळते. या गुणधर्मामुळे ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरे इन्सुलिन मिसळत नाहीत. माणसाला ते सहसा दिवसातून एकदा पुरते. मांजरात मात्र त्याचा परिणाम लवकर ओसरत असल्याने दर १२ तासांनी द्यावे लागते.

आरंभीची मात्रा आदर्श वजनाच्या दर किलोमागे साधारणतः ०.२५ ते ०.५ युनिट, दर १२ तासांनी, अशी असते. बहुसंख्य मांजरांना एका वेळी १ युनिटपासून सुरुवात केली जाते. माणसांच्या तुलनेत ही मात्रा अतिशय लहान असल्याने अर्ध्या युनिटाचा फरकही महत्त्वाचा ठरतो. मात्रा किती व केव्हा बदलायची, हे पशुवैद्य ठरवतात. इन्सुलिनचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागत असल्याने एका दिवसाच्या चढ्या आकड्यावरून मात्रा वाढवली जात नाही. ठरलेली वेळ चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट मात्रा देणे धोक्याचे असते. इन्सुलिन पूर्णपणे टोचले गेले की नाही याविषयी शंका असली तरी लगेच पुन्हा टोचत नाहीत. चुकून दुप्पट मात्रा जाण्यापेक्षा एक मात्रा हुकणे कमी घातक असते.

सिरिंजची निवड

भारतात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांमध्ये मिळते. माणसांसाठीच्या अनेक इन्सुलिनांच्या बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर ग्लार्जिनमध्ये सामान्यतः १०० युनिट असतात. दोहोंसाठी सिरिंजही निराळ्या असतात. ४० युनिटांच्या सिरिंजचे टोपण लाल व १०० युनिटांच्या सिरिंजचे टोपण केशरी असते.

१०० तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ युनिटाच्या खुणेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात २.५ युनिट टोचले जातात. उलट, ४० तीव्रतेचे इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने दिल्यास १ युनिटाऐवजी केवळ ०.४ युनिट मिळते. पहिली चूक चार-पाच किलोच्या मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे औषधाच्या दुकानातून प्रत्येक वेळी बाटली व सिरिंज घेताना दोहोंवरील आकडा जुळतो का, हे पाहणे आवश्यक असते. माणसांसाठीच्या इन्सुलिन पेनमध्ये बहुधा एकेका युनिटानेच मात्रा बदलता येते, म्हणून अर्ध्या युनिटाची गरज असलेल्या मांजरांसाठी ती सोयीची नसतात. अशा मांजरांसाठी अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज वापरतात.

टोचण्याची पद्धत

इन्सुलिन त्वचेखाली टोचतात. छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी दोन बोटांनी उचलून तयार झालेल्या घडीच्या पायथ्याशी सुई घालतात. मानेवरच्या कातडीला रक्तपुरवठा कमी असल्याने तेथून इन्सुलिनचे शोषण एकसारखे होत नाही. रोज जागा थोडी बदलतात. सुई घडीतून आरपार जाऊन इन्सुलिन केसांत सांडण्याची शक्यता असते, म्हणून टोचल्यावर केस ओले झाले आहेत का, हे पाहतात. गढूळ दिसणारी इन्सुलिने वापरण्यापूर्वी बाटली तळहातांत हलकेच फिरवून एकजीव करतात. ग्लार्जिन स्वच्छ पाण्यासारखे असते व त्याला याची गरज नसते. ते गढूळ झाल्यास किंवा त्यात कण दिसल्यास वापरत नाहीत.

सुई एकदाच वापरायची असते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद बाटलीत साठवतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरातील वापरलेल्या सुया व सिरिंज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केलेली होती. त्या ओल्या वा सुक्या कचऱ्यात टाकल्यास सफाई कामगारांना इजा होऊ शकते.

साठवण

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. ते गोठल्यास निरुपयोगी होते, म्हणून बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवत नाहीत. वापरात असलेल्या ग्लार्जिनच्या बाटलीची मुदत उत्पादक २८ दिवस सांगतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात उन्हाळ्यात खोलीचे तापमान इन्सुलिनसाठी सुरक्षित मर्यादेपेक्षा बरेच वर जाते. त्यामुळे उघडलेली बाटलीही फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवणे योग्य ठरते. वीज दीर्घकाळ गेल्यास ओल्या वाळूत किंवा पाण्यात ठेवलेल्या मातीच्या भांड्यात बाटली बंद डब्यात घालून ठेवण्याचा उपाय उष्ण प्रदेशांत प्रचलित आहे. माठाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे बाष्पीभवन होताना आतील तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी कमी राहते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत इन्सुलिन ठेवल्यास ते लवकर निकामी होते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उष्णता व दमटपणा यांमुळे बिघडतात.

घरी रक्तशर्करा मोजणे

घरी मोजणी केल्याने दवाखान्यातील ताणाचा परिणाम टळतो आणि मात्रेबाबतचे निर्णय अधिक सुरक्षित होतात. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक सुईने टोचून रक्ताचा एक थेंब घेतात. त्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा कानाला धरल्यास रक्त सहज येते. काही मांजरांत पंज्याच्या गादीतून रक्त घेतले जाते.

माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची रक्तशर्करा बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. रक्तातील ग्लुकोज रक्तद्रव व तांबड्या पेशी यांच्यात विभागलेले असते. मांजरात त्याचा फार मोठा भाग रक्तद्रवात असतो, माणसात ही विभागणी वेगळी असते. प्राण्यांसाठीच्या ग्लुकोमीटरमध्ये हा फरक लक्षात घेतलेला असतो. कोणताही ग्लुकोमीटर वापरला तरी नेहमी तोच वापरणे आणि त्याची माहिती पशुवैद्यांना देणे महत्त्वाचे असते.

प्रत्येक इंजेक्शनपूर्वी केलेली मोजणी सुरक्षिततेसाठी असते. तीत रक्तशर्करा अनपेक्षितपणे कमी, विशेषतः १५० ते २०० मिलिग्रॅमच्या खाली, आढळल्यास पशुवैद्यांशी बोलल्याशिवाय नेहमीची मात्रा देत नाहीत. मात्रा योग्य आहे की नाही हे कळण्यासाठी अधूनमधून दर दोन तासांनी बारा तास मोजणी करून शर्करा-आलेख काढतात. इन्सुलिन दिल्यानंतर साधारणतः चार ते आठ तासांनी रक्तशर्करा सर्वांत खाली येते. हा नीचांक ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा आणि दिवसभरातील आकडे शक्यतो ३०० च्या आत राहावेत, असे उद्दिष्ट सहसा ठेवले जाते.

माणसांसाठी तयार केलेले, त्वचेवर चिकटवायचे ग्लुकोज सेन्सरही मांजरांसाठी वापरले जातात. ते सुमारे दोन आठवडे सतत मोजणी करू शकतात, परंतु मांजरांच्या अंगावरून ते अनेकदा मुदतीपूर्वीच निघून येतात. सेन्सरने अगदी कमी आकडा दाखवल्यास रक्ताच्या थेंबाने त्याची खातरजमा करतात.

आकड्यांबरोबरच मात्रा, वेळ, खाल्लेले अन्न, प्यायलेले पाणी व आठवड्याचे वजन यांची नोंद वहीत ठेवली जाते. घरात एकापेक्षा अधिक व्यक्ती इन्सुलिन देत असल्यास या नोंदीमुळे एकच मात्रा दोनदा दिली जाण्याचा धोका टळतो.

आहार

मांजर हा काटेकोरपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीराची रचना प्रथिने व चरबी यांपासून ऊर्जा मिळवण्यास अनुकूल असते. कर्बोदके पचवण्याची क्षमता मर्यादित असते. मधुमेही मांजरासाठी भरपूर प्रथिने असलेला आणि एकूण ऊर्जेपैकी सुमारे १२ टक्क्यांहून कमी ऊर्जा कर्बोदकांतून देणारा आहार सुचवला जातो. डबाबंद किंवा पाकिटातील ओले खाद्य बहुधा या मर्यादेत बसते, तर कोरड्या दाणेदार खाद्यात कर्बोदके जास्त असतात.

महाराष्ट्रातील अनेक घरांत मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात दिला जातो. पोळी व भात यांतील पिष्ट आणि दुधातील शर्करा यांमुळे हा आहार मधुमेही मांजरासाठी अयोग्य ठरतो. नुसते उकडलेले चिकन किंवा मासळी दीर्घकाळ दिल्यास कॅल्शियम, टॉरिन व काही जीवनसत्त्वे यांची कमतरता होते. घरी शिजवलेले अन्न द्यायचे असल्यास पूरक घटक पशुवैद्यांच्या सल्ल्याने मिसळावे लागतात. कांदा व लसूण मांजरांच्या तांबड्या पेशींना घातक असल्याने घरातील रस्सा देता येत नाही.

आहारातील बदल सावकाश व पशुवैद्यांना सांगूनच केला जातो. कर्बोदके एकाएकी कमी झाल्यास इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनीच मात्रा अतिमात्रा ठरू शकते. लठ्ठ मांजराचे वजन आठवड्याला साधारण ०.५ ते १ टक्का या गतीने कमी करतात. मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यामुळे यकृतात चरबी साचून गंभीर आजार उद्भवतो.

अल्पशर्करा

रक्तशर्करा सुमारे ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाणे ही तातडीची अवस्था होय. इन्सुलिनची अतिमात्रा, चुकीची सिरिंज, मांजराने अन्न नाकारणे, उलटी होणे किंवा इन्सुलिनची गरज आपोआप कमी होणे ही तिची कारणे असतात. अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, एकाएकी लागलेली तीव्र भूक, शून्य नजर व विचित्र वागणूक ही आरंभीची लक्षणे होत. पुढे झटके येतात व शुद्ध हरपते. काही मांजरांत आरंभीची लक्षणे दिसतही नाहीत.

मांजर शुद्धीवर असून खात असल्यास त्याला लगेच अन्न देतात. ते खात नसल्यास मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळतात. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मांजराच्या तोंडात पातळ पदार्थ ओतल्यास तो श्वासनलिकेत जाऊ शकतो; अशा वेळी हिरड्यांना थोडे थोडे चोळत मांजराला तातडीने दवाखान्यात नेतात. साखरेचा परिणाम अल्पकाळ टिकतो, तर इन्सुलिनचा अनेक तास. त्यामुळे मांजर सावरल्यासारखे दिसले तरी पशुवैद्यांचा सल्ला आणि पुढील काही तास वारंवार मोजणी आवश्यक असते.

वाढलेली रक्तशर्करा आठवडे व महिने अपाय करते, तर घटलेली रक्तशर्करा काही मिनिटांत मेंदूला इजा करू शकते. यामुळेच शंकास्पद परिस्थितीत इन्सुलिन कमी देणे किंवा एक मात्रा वगळणे अधिक सुरक्षित मानले जाते.

कीटोॲसिडोसिस

इन्सुलिनच्या तीव्र अभावात शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होते. मांजर मलूल होते, खाणे सोडते, उलट्या करते व त्याच्या शरीरातील पाणी कमी होते. लघवीतील कीटोन ओळखणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानांत मिळतात. पट्टीवर कीटोन दिसून मांजर खातही नसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात दाखल करणे गरजेचे असते.

तोंडावाटे द्यायची औषधे

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या औषधांना मांजरांसाठी मान्यता दिली. ही औषधे ग्लुकोज लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांचा उपयोग होण्यासाठी शरीरात थोडेफार इन्सुलिन तयार होत असावे लागते. ती घेत असताना रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणून मांजरांची निवड काळजीपूर्वक करावी लागते. घरातील मधुमेही व्यक्तीच्या गोळ्या मांजराला परस्पर देणे धोक्याचे असते.

उपशमन

इन्सुलिन बंद करूनही रक्तशर्करा प्राकृत राहण्याच्या अवस्थेला उपशमन म्हणतात. रक्तशर्करा लवकर आटोक्यात आल्यास बीटा पेशींवरील ताण कमी होतो व त्यांपैकी काही पुन्हा कार्यक्षम होतात. कर्स्टन रूम्प व जॅकलिन रँड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्लार्जिन, कमी कर्बोदकांचा आहार व घरची वारंवार मोजणी या पद्धतीने उपचार झालेल्या ५५ मांजरांचा विचार केला होता. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्या मांजरांपैकी ८४ टक्के, तर त्यानंतर सुरू झालेल्यांपैकी ३५ टक्के मांजरांत उपशमन झाले. हे पालक विशेष परिश्रम घेणारे होते, त्यामुळे सर्वच मांजरांत असे यश मिळेल असे नाही. इतर अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी-अधिक आढळते. उपशमनानंतर मधुमेह पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून आहार तसाच चालू ठेवून वजन व रक्तशर्करा यांवर लक्ष ठेवतात आणि स्टेरॉइड औषधे शक्यतो टाळतात.

इतिहास

१८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्स्की व जोसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यास त्याला मधुमेह होतो, हे दाखवले. १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका रुग्णाला देण्यात आले. पुढील अनेक दशके गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडांतून मिळवलेले इन्सुलिन वापरात होते. मांजराचे इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनहून केवळ एका, तर मानवी इन्सुलिनहून चार अमिनो आम्लांनी भिन्न आहे. असे असले तरी मानवी इन्सुलिन व त्यापासून बनवलेली ग्लार्जिनसारखी रूपे मांजरांत परिणामकारक ठरली आहेत.

महाराष्ट्रातील स्थिती

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचा इन्सुलिनच्या निर्मितीशी थेट संबंध आहे. वॉक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये जनुकीय तंत्रज्ञानाने तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. या कंपनीचे जैवतंत्रज्ञान उद्यान शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आहे. भारतीय कंपन्यांनी तयार केलेले ग्लार्जिन माणसांच्या औषधांच्या दुकानांत मिळते आणि पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर मांजरांसाठीही तेच वापरता येते.

राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात परभणी येथे १९७२ मध्ये व उदगीर येथे १९८७ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालये स्थापन झाली. ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय सेवा प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्या यांच्याभोवती उभी राहिली आहे. त्यामुळे मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या पालकांसाठी घरची मोजणी व नोंदवही यांचे महत्त्व अधिक असते. त्यांच्या आधारे दूर असलेल्या पशुवैद्यांनाही मात्रेविषयी दूरध्वनीवरून मार्गदर्शन करता येते. सणासुदीला किंवा लग्नकार्यासाठी गावी जाताना इन्सुलिन देणारी व्यक्ती आधीच ठरवून तिला सिरिंजची ओळख, टोचण्याची पद्धत व अल्पशर्करेवरील तातडीचे उपाय प्रत्यक्ष दाखवून ठेवणे हा व्यवस्थापनाचाच भाग मानला जातो.